आपत्तीचा खर्च कोण भरतो?



मे महिन्याच्या शेवटी आपल्या भागात वादळ झालं. पाऊस थोडाच पडला, पण वारा असा सुटला की कुडाच्या घरांवरचं गवत, कौलं, पत्रे सगळं उडून गेलं. कणग्या भिजल्या. राबासाठी रचून ठेवलेला पालापाचोळा गेला. पावसाळ्यासाठी सुकवून ठेवलेली मोहाची फुलं चिखलात गेली. दोन दिवसांनी पंचनामे सुरू झाले. गावठाणातल्या घरांचे झाले. रस्त्याकडेच्या पाड्यांचे झाले. वरच्या अंगाला फॉरेस्टच्या जमिनीवर जे पाडे आहेत, तिथं कोणी चढलंच नाही.

आमच्यापैकी काही जण त्या पाड्यांवरच्या माणसांना घेऊन खाली गेले. एक म्हातारी बय होती. तिचं अख्खं घर बसलं होतं, मधला खांब तेवढा उभा होता. ती म्हणाली, "भाऊसाहेब, माझं घर पडलं."

"सातबारा आहे का?"

"नाय."

"घरपट्टीची पावती?"

"नाय. फॉरेस्टची पावती हाय."

तिनं पदराची गाठ सोडून कागद काढला. जंगल जमीन कसते म्हणून तिच्या नवऱ्याला झालेल्या दंडाची ती पावती होती. भाऊसाहेबांनी कागद वाचला आणि परत दिला. "बाई, हे तर अतिक्रमण झालं. अतिक्रमणाचा पंचनामा कसा करणार? आणि वरून पैसा येतोय तो तसाही कमीच आहे. सरकारकडे पैसा कुठंय?"

येताना वाटेवर कोणी बोललं नाही. पण पाड्यावर रात्री बैठक बसली तेव्हा एका पोरानं विचारलं, "हा वरून येतो तो पैसा वर कुठून येतो?" आम्ही कार्यकर्ते म्हणवतो, पण आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून मागच्या शिबिरात याच विषयावर दोन दिवस बसलो. जी माहिती जमवली ती या अंकात तुमच्यापुढे ठेवतो. विषय वरवर मोठ्या लोकांचा वाटतो, बजेट, कर, कर्ज, विमा असा. पण शेवटी तो त्या बयच्या मधल्या खांबापर्यंत येतो. म्हणून शेवटपर्यंत वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

खर्च कोणीतरी भरतोच

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची. आपत्ती आली की नुकसान होतं, आणि त्या नुकसानीचा खर्च कोणीतरी भरतोच. "सरकारकडे पैसा नाही" असं कोणी म्हणालं तर खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या डोक्यावर जातो.

कोणाच्या? आपल्याच. छप्पर उडालेला माणूस काय करतो बघा. सावकाराकडून भात आणतो आणि सुगीला दीडपट देतो. नाहीतर वीटभट्टीच्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतो, आणि दिवाळी झाली की बायकापोरांसकट भट्टीवर जातो. पोरांची शाळा सुटते. सहा महिने राबूनही उचल फिटत नाही. सरकारनं न भरलेला खर्च त्या पोरांनी भरला. पण त्याचा हिशेब कोणत्याच बजेटात लिहिलेला सापडत नाही.

म्हणून खरा प्रश्न असा आहे की खर्च कोणी भरायचा, आणि आधी भरायचा की नंतर.

पैसा उभा करायच्या वाटा

आपल्यासारख्या गरीब देशांपुढे मोजक्याच वाटा आहेत. आधी साठवून ठेवायचा, आपत्ती आल्यावर कर लावायचा, कर्ज काढायचं, विमा उतरवायचा, किंवा मदत मागायची. प्रत्येक वाट कुठं नेते ते एकेक करून बघू.

साठवण. आपल्या देशात १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती निवारण निधी आहे. त्यात बहुतेक राज्यांसाठी दर वर्षी केंद्रानं ७५ पैसे टाकले तर राज्यानं २५ पैसे टाकायचे. किती रक्कम टाकायची ते वित्त आयोग पाच वर्षांसाठी आधीच ठरवतो. हे चांगलं आहे. आपत्ती आल्यावर दिल्लीला हात पसरत बसायला नको. पण ही रक्कम ठरवताना मागच्या वर्षांत राज्यानं आपत्तीवर किती खर्च केला ते बघतात. म्हणजे ज्याच्या नुकसानीची मागे नोंद झाली, त्याचंच पुढच्या हिशेबात धरलं जातं. ज्याच्या पाड्यावर कोणी चढलंच नाही त्याचं नुकसान मागेही शून्य आणि पुढेही शून्य.

दुसरं, या निधीतून कशाला पैसा द्यायचा याची यादी आहे. २००१ साली त्यात चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर आणि गारपीट एवढंच होतं. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला मुलं कुपोषणानं मेली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली. पण दर पावसाळ्यात आपल्या पाड्यांवर येणारी भूक या यादीत बसत नाही. एकदम येते ती आपत्ती, आणि दरवर्षी येते ते आपलं नशीब, असा हा हिशेब आहे.

कर. २००१ साली २६ जानेवारीला कच्छमध्ये भूकंप झाला, तेरा हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर केंद्र सरकारनं आयकरावर २ टक्के अधिभार लावला. बाकीचे अधिभार बजेटमध्ये काढले, हा ठेवला. आम्हाला हे बरोबर वाटतं. ज्याची कमाई आहे त्यानं भरायचं, आणि ज्याचं घर पडलं त्याला द्यायचं. अकराव्या वित्त आयोगानंही सांगितलंय की मोठ्या आपत्तीसाठी ५०० कोटींचा राष्ट्रीय निधी ठेवा आणि खर्च होईल तेवढा केंद्राच्या करांवर अधिभार लावून परत भरून काढा. पण करात एक अडचण आहे. तो नंतर गोळा होतो, आणि भूक आजच लागते. आणि एकदा गोळा झाला की तो कुठं जातो त्यावर डोळा ठेवावा लागतो. त्याचा जुना दाखला पुढे देतो.

कर्ज. कच्छच्या उभारणीसाठी आशियाई विकास बँकेनं ५० कोटी डॉलर मंजूर केले. आपल्या महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा जागतिक बँकेकडून सुमारे २४ कोटी ६० लाख डॉलर घेतले. हे कर्ज कमी दराचं होतं आणि लांब मुदतीचं होतं. त्यातून घरं झाली हे खोटं नाही. ५२ गावं नव्या जागेवर बसवली. पण कर्ज म्हणजे कर्ज. ते आपल्या पोरांनी फेडायचं असतं. त्या पैशाचं वाटप कसं झालं तेही बघा. नव्या गावांत ज्याला जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे त्याला २५० चौरस फुटांचं घर. मधल्या शेतकऱ्याला ४०० चौरस फुटांचं. मोठ्या जमीनवाल्याला ७५० चौरस फुटांचं. धरणी हलली तेव्हा तिनं कोणाचा सातबारा बघितला नव्हता. घर बांधताना मात्र बघितला गेला. भूमिहीनाच्याही घरात माणसं तेवढीच असतात. पण जमिनीवर जो अन्याय होता तो नव्या भिंतींत पक्का होऊन बसला.

कर्जाची दुसरी बाजू मध्य अमेरिकेत दिसली. १९९८ साली होंडुरास आणि निकाराग्वा या गरीब देशांवर मिच नावाचं चक्रीवादळ आलं. हजारो माणसं मेली, केळीच्या बागा वाहून गेल्या. त्या देशांच्या डोक्यावर आधीच परदेशी कर्ज होतं. एकीकडे जगातून मदतीची पोती येत होती आणि दुसरीकडे कर्जाच्या हप्त्याची तारीख उभी होती. जगभर आरडाओरडा झाला, मग धनको देशांनी हप्ते काही काळ पुढे ढकलले. आपल्या गावचा सावकारही असंच करतो. घरात मयत झाली तर म्हणतो, "राहू दे, पुढच्या सुगीला दे." माफ करत नाही.

विमा. तुर्कस्तानात १९९९ च्या ऑगस्टमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या सरकारनं घरांचा भूकंप विमा सक्तीचा केला. शहरातल्या घरमालकानं थोडा थोडा हप्ता भरायचा, आणि भूकंप झाला की त्या साठ्यातून पैसा मिळायचा. युक्ती चांगली आहे. पण नगरपालिकेच्या हद्दीतली घरं त्यात धरली, खेड्यातली धरली नाहीत. परवानगीशिवाय बांधलेली घरंही नाहीत. म्हणजे तिथंही कागद आडवा आलाच.

आपल्याकडे १९९९ साली राष्ट्रीय कृषी विमा योजना आली. तिच्यात पीककर्ज घेतलं की विमा सक्तीचा होता. आपल्या फॉरेस्ट प्लॉटवाल्याला सोसायटी कर्ज देत नव्हती, कारण सातबारा नव्हता. कर्ज नाही म्हणून विमा नाही. कर्जाशिवाय विमा उतरवायला गेलं तर परत जमिनीचा कागद मागायचे. आणि ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांचंही ऐका. नुकसान एकेका शेताचं बघत नव्हते, अख्ख्या तालुक्याचं किंवा मंडळाचं सरासरी उत्पन्न बघायचे. खालच्या पाण्याच्या शेतात भात बरं पिकलं की सरासरी बरी येते. मग वरकस जमिनीवरची नागली आणि वरई जळाली तरी कागदावर पीक चांगलंच आहे.

मदत. कच्छचा भूकंप झाला तेव्हा आपल्या पाड्यांनीही मूठ मूठ तांदूळ काढला होता. कोणी चार शेर दिले, कोणी पावशेर दिले. ते आपण माणुसकीनं केलं आणि परत वेळ आली तर परत करू. पण दानावर देश चालत नाही. वर्तमानपत्रात फोटो आला की मदत येते. ज्या पाड्यावर फोटोवाला चढत नाही तिथं मदतही चढत नाही.

जुना दाखला

आपत्तीसाठी आधी पैसा ठेवायचा ही कल्पना इंग्रजांच्या काळापासून आहे. १८७६ ते ७८ या वर्षांत दख्खनमध्ये आणि मद्रासकडे भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. दुष्काळी कामावर मजुरी किती द्यायची, तर दिवसाला एक पौंड धान्य आणि वर चिरीमिरी, असा हुकूम एका बड्या साहेबानं काढला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. त्यावर खडी फोडायची. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काम सोडलं, संप केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. हे आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. दुष्काळी कामावरचा मजूर संप करतो ही काल-परवाची गोष्ट नाही.

त्यानंतर १८७८ साली सरकारनं दुष्काळ विम्यासाठी म्हणून दर वर्षी दीड कोटी रुपये बाजूला काढायचं ठरवलं. त्यासाठी व्यापाऱ्यांवर परवाना कर बसवला आणि काही प्रांतांत जमिनीवर पट्टी बसवली. लोकांनी कर भरला. आणि तेवढ्यात अफगाणिस्तानशी लढाई सुरू झाली. दुष्काळाचा पैसा लढाईकडे वळवला अशी ओरड तेव्हाच देशभर झाली.

यावरून आपण काय शिकायचं? निधीला नाव दिलं म्हणून निधी त्या कामाचा होत नाही. कुलपाची चावी कोणाकडे आहे आणि वही कोण बघतो, त्यावर तो कोणाचा ते ठरतं.

बहात्तरचा दुष्काळ आणि रोजगार हमी

आता आपल्याच राज्यातली चांगली गोष्ट सांगतो. म्हाताऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. तांबडी मिलो ज्वारी, सुकडी, आणि खडीचे ढीग. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या मागोमाग रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता.

या योजनेचा पैसा कुठून येतो ते आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापतात. तो १९७५ पासून सुरू झाला. कोणा एका माणसाकडून वर्षाला २५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही अशी घटनेचीच मर्यादा आहे. त्याशिवाय गाड्यांवर, विक्रीवर, बागायत जमिनीवर, शहरातल्या इमारतींवर थोडा थोडा जादा कर होता. जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम राज्यानं स्वतःची घालायची. म्हणजे मुंबईचा कारकून, शाळेतला मास्तर, कंपनीतला कामगार दर महिन्याला थोडं थोडं देतो, आणि त्यातून मोखाड्याच्या किंवा धडगावच्या बाईला काम मिळायला पाहिजे. त्या कामगाराला आम्ही या अंकातून जोहार करतो. त्याचा पैसा आपल्यापर्यंत नीट पोचत नाही, यात त्याचा दोष नाही.

आमच्या मते गरीब देशानं आपत्तीचा खर्च भरायची ही सगळ्यात शहाणी रीत आहे. कारणं तीन. एक, पैसा चांगल्या वर्षीही गोळा होतो, त्यामुळे वाईट वर्षी कर्ज काढत फिरावं लागत नाही. दोन, तो नुसता पडून राहत नाही. चांगल्या वर्षी बांधबंदिस्ती, नाला, तलाव होतात, आणि त्यानं पुढच्या दुष्काळाचं नुकसान कमी होतं. नुसता बँकेत ठेवलेला निधी हे काम करत नाही. तीन, इथं सातबारा लागत नाही. हात लागतात. ज्याच्याकडे काहीच कागद नाही त्यालाही हक्क आहे. आपत्तीच्या पैशाची एवढी एकच वाट आहे जी भूमिहीनाच्या दारापर्यंत येते.

पण २००१ साली तिची अवस्था काय होती? बरीच वर्षं असं चाललं होतं की योजनेच्या नावानं जेवढा कर गोळा व्हायचा तेवढाही योजनेवर खर्च होत नव्हता. आणि वर आपल्याला ऐकवतात की पैसा नाही. आपल्या तालुक्यात जे काम निघतं ते पाड्यापासून लांब निघतं, मजुरी महिना-महिना मिळत नाही, आणि माप घ्यायला साहेब येईपर्यंत पाऊस येतो. मग माणूस म्हणतो, त्यापेक्षा मुकादमाची उचल बरी, ती निदान हातात मिळते. अशा रीतीनं सरकारचा पैसा शिल्लक राहतो आणि आपला माणूस गहाण पडतो.

खावटीचंही तसंच. पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी खावटी कर्ज होतं. ती जूनमध्ये हातात पडली असती तर सावकाराचं दार बंद झालं असतं. पण ती लावणी उरकल्यावर यायची. तोवर भात सावकाराच्या नावावर चढलेलं असायचं.

जमिनीचा लढा हाच आपत्तीचा लढा

या सगळ्या वाटा पाहिल्यावर एक गोष्ट आम्हाला स्वच्छ दिसली. पैसा साठवणुकीतून येवो, करातून येवो, कर्जातून येवो की विम्यातून. वरून तो कसाही निघाला तरी खाली येताना एका अरुंद खिंडीतून येतो. ती खिंड म्हणजे जमिनीचा कागद. किल्लारीला घराचं माप जमिनीवरून ठरलं. विमा जमिनीच्या कागदावर मिळतो. पंचनामा सातबाऱ्यावर होतो. म्हणून मोठमोठ्या शहरांत बसून आपत्तीचा निधी कितीही वाढवला, तरी आपल्या बयच्या घरापर्यंत त्यातला रुपया येणार नाही.

सरकारचा न्याय बघा. त्या बयकडे दंडाची पावती आहे. तीवर तारीख आहे, शिक्का आहे, नवऱ्याचं नाव आहे, किती जमीन कसली ते लिहिलंय. जमीन कसतो हे सिद्ध करायला सरकारनंच दिलेला यापेक्षा मोठा पुरावा कोणता? दंड घ्यायच्या वेळी आम्ही तिथं असतो. मदत द्यायच्या वेळी आम्ही तिथं नसतो. मतदार यादीत असतो, जनगणनेत असतो, पोलिओच्या डोसाला असतो. फक्त पंचनाम्यात नसतो.

कोणी म्हणेल, "अतिक्रमणाला मदत दिली तर ते कायम होईल, म्हणून देत नाहीत." त्यांना आमचं उत्तर असं आहे. जमिनीच्या हक्काचा वाद वेगळा चालू दे. तो आम्ही १९७८ च्या शासन निर्णयापासून लढतोय आणि पुढेही लढू. पण वाऱ्यानं पडलेलं घर हे पडलेलं घर आहे. आत झोपलेलं पोर भिजतं ते कोणत्या सर्व्हे नंबरात भिजतं हे विचारायचं नसतं.

आपलीही चूक

दुसऱ्याला बोल लावताना आपल्याकडेही बघू. वादळ झालं त्या दिवशी आमच्याकडे एकाही वरच्या पाड्याची पुरी यादी नव्हती. किती घरं, किती माणसं, कोण कुठं कसतो, कोणाकडे पावती आहे, कोणाची हरवली, काही लिहिलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं आपण मोर्चे काढले आणि वही ठेवली नाही. म्हणून त्या दिवशी साहेबापुढे आम्ही नुसतं बोलत राहिलो.

आपली धान्यकोठी काही पाड्यांवर चांगली चालली. सुगीला प्रत्येक घरानं एक पायली टाकायची, आषाढात लागेल त्यानं न्यायची आणि सव्वा पायली परत करायची. पण काही ठिकाणी पुढाऱ्यांनीच परत केली नाही, आणि आपण भिडेपोटी बोललो नाही. जो हिशेब आपण दिल्लीला मागतो तो आधी आपल्या कोठीचा द्यायला पाहिजे. आणखी एक. यादीत नाव नेहमी घरच्या पुरुषाचं लिहितो. विधवा, टाकलेली बाई, बहिणीच्या आसऱ्याला राहणारी बाई आपल्याही यादीतून सुटते. मग तलाठ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

म्हणून आता काय

शिबिरात ठरलेल्या मागण्या अशा आहेत.

१. पंचनामा प्रत्यक्ष वहिवाटीवर करा. दंडाची पावती, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव आणि ग्रामसभेची साक्ष हा पुरावा धरा. १९९६ च्या पेसा कायद्यानं आदिवासी भागात ग्रामसभेला मान दिला आहे, तो इथं पाळा.

२. पंचनाम्याची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि चावडीवर लावा. बाईच्या नावानं घर असेल तर बाईचं नाव लिहा.

३. आपत्तीनंतर १५ दिवसांत पाड्याजवळ रोजगार हमीचं काम काढा. आमच्या प्लॉटांची बांधबंदिस्ती त्यात घ्या. मजुरी आठवड्याला द्या.

४. रोजगार हमीसाठी गोळा केलेला कर रोजगार हमीवरच खर्च करा. किती जमला आणि किती खर्च झाला ते दर वर्षी प्रत्येक तहसीलवर फळ्यावर लिहा.

५. खावटी जूनच्या पहिल्या आठवड्यात द्या. आपत्तीच्या वर्षाची खावटी माफ करा.

६. पीक विमा कर्जाशिवाय मिळू द्या, आणि डोंगरपट्टीचं सरासरी उत्पन्न खालच्या पाण्याच्या जमिनीपासून वेगळं काढा.

७. आपत्तीच्या नावानं परदेशी कर्ज काढणार असाल तर त्याच्या अटी आधी मराठीत छापून लोकांपुढे ठेवा. फेडायचं आम्ही, मग वाचायचंही आम्ही.

आणि आपण स्वतः करायची कामं चार. प्रत्येक पाड्यावर एक वही करायची. दोनशे पानी वही घ्या, घरागणिक एक पान. बारावीपर्यंत शिकलेली पोरं-पोरी आता पाड्यापाड्यांवर आहेत, त्यांनी हे काम अंगावर घ्यायचं. दंडाच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढून संघटनेच्या पेटीत ठेवायच्या, कारण कुडाच्या घरात कागद टिकत नाही. ज्यांना काम पाहिजे त्यांनी चार नंबरचा फॉर्म भरून पोच घ्यायचीच, पोचीशिवाय घरी यायचं नाही. आणि धान्यकोठीचा हिशेब येत्या अमावास्येच्या बैठकीत सगळ्यांपुढे वाचायचा, मागची बाकी कोणाकडे आहे त्या नावांसकट.

वरच्या पाड्यांची वही आम्ही सुरू केली आहे. पहिलं पान त्या बयचं आहे. तिचं घर आता पाड्यानं मिळून परत उभं केलं. कारवी सगळ्यांनी आणली, गवत तीन घरांनी दिलं. म्हणजे या वादळाचा खर्च परत एकदा आपणच भरला. पण या वेळी तो लिहून ठेवला आहे. किती माणसं, किती दिवस राबली, किती भारे गवत, किती पायल्या भात. हे बिल घेऊन आपण तहसीलवर जायचं आहे. भीक मागायला जायचं नाही. सरकारच्या वाटणीचा खर्च आपण भरला, तो परत मागायला जायचं आहे.

लावणी सुरू व्हायच्या आत मोर्चा काढायचा ठरलं आहे. दिवस पाड्यावरच्या बैठकीत कळवू. येताना भाकरी आणि वही दोन्ही आणा.

कसेल त्याची जमीन, राबेल त्याची नोंद!
संघटना जिंदाबाद!